डी२० तापीकाठी: खान्देशी कॅम्पेनसाठी कॅरेक्टर आणि नियम कसे बदलावेत

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ. त्याच्या पुस्तकात उन्हाचा एक नियम आहे. तापमान १०० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल आणि जवळ प्यायला पाणी नसेल, तर दर तासाच्या शेवटी सेव्ह टाकायचा, म्हणजे धोका टाळायला डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकायचा. पहिल्या तासाला डीसी (गाठायचा आकडा) ५, पुढे दर तासाला एकाने वाढत जाणारा. हुकला की थकव्याची एक पायरी. सहाव्या पायरीला कॅरेक्टर मेलं. आता १०० अंश फॅरनहाइट म्हणजे ३७.८ सेल्सिअस. भुसावळात हा आकडा मार्चच्या अखेरीला येतो आणि पाऊस पडेपर्यंत ठाण मांडून बसतो. मे महिन्यात पारा ४५ ला गेला तरी कुणी दुकान बंद करत नाही. ज्याला पुस्तक ‘अतिउष्ण’ म्हणतं ते इथलं दोन-अडीच महिन्यांचं रोजचं हवामान. नियमात खोट नाही. तो ज्यांनी लिहिला त्यांच्याकडे असं ऊन क्वचित पडतं, एवढंच.

हा लेख दोन-चार सेशन छापील नियमांनी खेळून झालेल्यांसाठी आहे, ज्यांना आता जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलखासारख्या जगात स्वतःची कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी कथा) मांडायची आहे. एकही सेशन न खेळता नियम बदलायला बसू नका. कोणता नियम कशाला टेकू देतो हे खेळल्याशिवाय दिसत नाही. बदलण्याचा क्रम असा ठेवा: आधी नाव, मग वस्तू, आकडा सगळ्यात शेवटी. बरेचसे बदल पहिल्या दोनांतच भागतात आणि तिसऱ्याची गरजच पडत नाही.

आधी आवृत्ती ठरवा

टेबलावर एकाकडे २०१४ चं पुस्तक असतं, दुसऱ्याकडे २०२४ ची सुधारित आवृत्ती, तिसऱ्याच्या फोनवर कुठली तरी पीडीएफ. दोन्हींना पाचवी आवृत्तीच म्हणतात, म्हणून लोक सर्रास मिसळतात. घोळ कुठे होतो ते बघा: २०१४ मध्ये अ‍ॅबिलिटीवरचे वाढीव गुण वंशातून मिळतात, २०२४ मध्ये बॅकग्राउंडमधून, म्हणजे कॅरेक्टरच्या आधीच्या कामधंद्यातून. ज्याने ड्वॉर्फ जुन्या पुस्तकातून घेतला आणि बॅकग्राउंड नव्यातून, त्याला दोन्हीकडून मिळून सहा-सात गुण पडतात. शेजारी बसलेल्याला तीन. दोघांनाही कळत नाही की एकाचाच वार सारखा का लागतोय.

पैसे न घालता सुरुवात करायची तर एसआरडी (सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट) घ्या. नियमांचा हा गाभा खेळाच्या कंपनीने क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला आहे: २०१४ वर आधारलेली ५.१ ही आवृत्ती २०२३ मध्ये, २०२४ वर आधारलेली ५.२ ही २०२५ मध्ये. रीतसर श्रेय दिलं तर मराठीत भाषांतर करून छापायलाही मुभा आहे. बाराही क्लास (फायटर, विझर्ड असे कॅरेक्टरचे पेशे) त्यात आहेत, पण प्रत्येकाचा सबक्लास (क्लासची उपशाखा) एकच, बॅकग्राउंड ५.१ मध्ये फक्त एक, ५.२ मध्ये चार. नव्या डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) ही टंचाई सोयीचीच आहे, कारण रिकाम्या जागा कुठे आहेत ते लगेच दिसतं. आपली भर तिथेच घालायची.

एक तालुका पुरे

सगळा खान्देश मांडायचा मोह होतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, तिला मिळणाऱ्या गिरणा, पांझरा, वाघूर, अनेर. पहिल्या पाच लेव्हलना एवढं लागत नाही. चोपड्यासारखा किंवा यावलसारखा एक तालुका नमुना म्हणून घ्या: एका अंगाला नदी आणि केळीच्या बागा, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि जंगल. एवढ्यात वर्षभर खेळता येतं.

अंतराचे आकडे बदलू नका, किलोमीटरमध्ये आणा. सामान्य चालीने दिवसाला २४ मैल म्हणजे सुमारे ३९ किलोमीटर, हळू चालीने १८ मैल म्हणजे २९, खडतर जमिनीवर याच्या निम्मं. या हिशेबाने जळगावहून निघालेली टोळी भुसावळला दुपारपर्यंत पोचते. धुळं सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे तिसरा दिवस उजाडतो. सातपुड्याच्या घाटात दिवसाकाठी १९-२० किलोमीटरच्या पुढे जाता येत नाही. खेळाडूंना ही गावं माहीत असल्यामुळे अंतराचा अंदाज लगेच बसतो आणि चुकीचा आकडा सांगितलात तर पकडलेही जाता.

लढाईच्या नकाशावर मात्र फुटांचे मीटर करायच्या भानगडीत पडू नका. ५ फूट म्हणजे एक घर, ३० फुटांची चाल म्हणजे सहा घरं. ओझ्याचा हिशेब बळ गुणिले १५ पौंड असा आहे. त्याऐवजी बळ गुणिले ७ किलो धरा. फरक नगण्य आहे.

नावं बदला, आकडे तसेच ठेवा

सहा अ‍ॅबिलिटींना मराठी नावं दिली की नवखा खेळाडू कागद पटकन वाचतो. स्ट्रेंग्थला बळ, डेक्स्टेरिटीला चपळाई, कॉन्स्टिट्यूशनला दम, इंटेलिजन्सला बुद्धी, विझ्डमला जाण, करिष्माला छाप. लेव्हल, एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा), हिट पॉइंट (उरलेला जीव), स्पेल स्लॉट (स्पेल किती वेळा टाकता येतील ते) हे तसेच राहू द्या. त्यांना संस्कृतप्रचुर नावं शोधली की खेळणं कमी आणि शब्दकोश जास्त होतो.

क्लासचं नाव बदलताना त्याचं काम बदलत नाही हे लक्षात ठेवा. रेंजर म्हणजे सातपुड्यातला वाटाड्या. बार्ड म्हणजे वहीगायक (खान्देशी लोकगायक). हातात ल्यूटऐवजी डफ किंवा फुंकून वाजवायची पावरी, स्पेल तेच. हत्यारांचंही तसंच. हँडअ‍ॅक्स ही कुऱ्हाड, क्वार्टरस्टाफ ही लाठी, सिकल हा विळा. गोफण तर पुस्तकात आयती आहे: १डी४ (चार बाजूंचा एक फासा) डॅमेज, पल्ला ३०/१२० फूट. ज्वारीच्या मचाणावर बसून पाखरं हाकलणाऱ्या पोराच्या हातात असते तीच. दांडपट्टा हवा असेल तर नवं हत्यार बनवायला बसू नका. रेपियर घ्या आणि भोसकण्याऐवजी कापण्याचं डॅमेज लिहा. १डी८, चपळाईवर चालतो, झालं.

डॅमेजचा प्रकार बदलताना मात्र जरा थांबा. भोसकणं, कापणं, ठोकणं या तिघांत अदलाबदल केली तर सहसा काही बिघडत नाही. पण साध्या तलवारीचं डॅमेज ‘फोर्स’ (निव्वळ जादूचं) केलंत तर ती जवळजवळ प्रत्येक राक्षसावर पूर्ण लागू पडते, कारण फोर्सला दाद न देणारे प्राणी फार थोडे. उलट विषाचं केलंत तर सांगाडे आणि झोंबींसमोर हात हलवत बसावं लागेल. त्यांना विष लागतच नाही. नाव बदलल्यासारखं वाटतं, पण हा आकड्यातलाच बदल आहे.

नाण्यांचं म्हणाल तर मोहर, चांदी, तांबं अशी नावं द्या, पण एका सोन्याच्या नाण्याची दहा चांदीची, शंभर तांब्याची हा दशमान हिशेब मोडू नका. जुन्या रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे करायची हौस अनेकांना येते. त्यानंतर पुस्तकातली प्रत्येक किंमत नव्याने मांडावी लागते आणि दर सेशनला अर्धा तास दोरी-कंदील खरेदीत जातो. आणखी एक: पुस्तकात ५० नाण्यांचं वजन एक पौंड दिलंय, म्हणजे एक नाणं सुमारे ९ ग्रॅमचं, तोळ्याहून थोडं कमी. जळगावच्या टेबलावर कुणी तरी सराफ्याचा आजचा भाव लावून चिलखत किती लाखांचं हे सांगणारच. त्याला सांगू द्या आणि पुढे चला.

भाषांच्या यादीत ‘कॉमन’च्या जागी अहिराणी घाला. फारसं येत नसलं तरी चालतं. नाक्यावरचा पहारेकरी “काय करी राहिना भो?” म्हणाला की त्याच्यावर सहसा कुणी तलवार उपसत नाही. पण लेवा गणबोली, तावडी, पावरी, भिली या खऱ्या माणसांच्या खऱ्या बोली आहेत. त्या गॉब्लिन किंवा ऑर्कच्या तोंडी घालू नका.

हेच वंशांच्या बाबतीत, आणि इथे तडजोड नाही. ड्वॉर्फ, एल्फ, हाफलिंग यांना आपल्याकडच्या कुठल्याही जाती-जमातीचं नाव द्यायचं नाही. अमक्या समाजाला बळ +२ आणि तमक्याला बुद्धी +२ असं कागदावर लिहिलं की तो खेळ उरत नाही. डोंगरातल्या लोकांना ‘बार्बेरियन’ क्लास चिकटवणं हा त्याचाच सभ्य दिसणारा अवतार. वंश काल्पनिकच ठेवा आणि मोजके ठेवा, चार-पाच पुरे. देवांचंही असंच: क्लेरिकसाठी नवी नावं घडवा. कानबाईला आणि मुक्ताईला हिट पॉइंट लागत नाहीत.

स्थानिक रंग भरायची खरी जागा: बॅकग्राउंड

माणूस कुठल्या कामातून आला हे बॅकग्राउंड सांगतं आणि ते कुणालाही घेता येतं. २०२४ च्या साच्यात पाच खण भरायचे: तीन अ‍ॅबिलिटी (त्यांत एकीला +२ व दुसरीला +१, किंवा तिन्हींना +१), दोन स्किल, एक अवजार, एक ओरिजिन फीट (सुरुवातीलाच मिळणारी खास हातोटी) आणि ५० सोन्याच्या नाण्यांइतकं सामान. ५.२ मध्ये ओरिजिन फीट चार आहेत: अलर्ट, मॅजिक इनिशिएट, सॅव्हेज अटॅकर, स्किल्ड. यांतलंच निवडा, नवं फीट लिहू नका. २०१४ च्या साच्यात अ‍ॅबिलिटी आणि फीट नसतात. तिथे दोन स्किल आणि अवजार-भाषा मिळून दोन गोष्टी.

मचाणावरचा राखणदार: चपळाई, दम, जाण. पर्सेप्शन, सर्व्हायव्हल. लाकूडकामाची अवजारं. अलर्ट. सामानात गोफण, २० दगड, घोंगडी, कंदील, पाण्याच्या दोन पखाली, उरलेलं रोख.

सराफ्यातला कारागीर: चपळाई, बुद्धी, छाप. इन्व्हेस्टिगेशन, इनसाइट. दागिने घडवण्याची अवजारं. स्किल्ड. ही अवजारं २५ नाण्यांची आहेत, म्हणजे निम्मा पैसा तिथेच संपतो. तो संपू द्या.

घोडेबाजारातला दलाल, सारंगखेड्याच्या यात्रेत दिसतो तसा: दम, जाण, छाप. अ‍ॅनिमल हँडलिंग, पर्सुएशन. जुगाराचा एक संच. स्किल्ड. इथे खेळाडू हटकून घोडा मागतो. स्वारीचा घोडा ७५ नाण्यांचा, म्हणजे पूर्ण सामानाच्या दीडपट. गाढव ८ नाण्यांना येतं.

चूक होते ती अशी की डीएम लाडाने एका बॅकग्राउंडला तिसरं स्किल देतो, ‘ह्याला ते यायलाच पाहिजे’ म्हणून. मग दुसऱ्यालाही द्यावं लागतं आणि चार सेशनमध्ये सगळेच सगळ्यात तरबेज होतात. तिसरं स्किल द्यायचंच असेल तर दुसरं काही काढा.

आकड्याला हात लावण्याआधी

डी२० वर +१ म्हणजे सरळ ५ टक्के. हे सगळ्यांना माहीत असतं. त्या ५ टक्क्यांची किंमत जागेनुसार बदलते हे मात्र ध्यानात येत नाही. गॉब्लिनचा वार +४ ने येतो. एसी १५ असेल तर त्याला ११ किंवा वर पडायला हवेत, म्हणजे निम्मे वार लागतात. एसी १६ केला की ४५ टक्के; दहातला एक वार वाचला. आता ज्याचा एसी आधीच २० आहे त्याला +१ द्या. २५ टक्क्यांचे २० टक्के होतात, म्हणजे लागणाऱ्या पाच वारांतला एक वाचला. तेच +१ दुपटीने जड झालं. म्हणून चिलखतवाल्या फायटरला जादूची ढाल देताना हात आखडता घ्या. विझर्डला अंगठी दिली तर एवढं बिघडत नाही.

अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घेणं (डिसअ‍ॅडव्हांटेज म्हणजे लहान घेणं), हे ‘छोटंसं बक्षीस’ म्हणून वाटलं जातं. ११ हवे असतील तेव्हा ५० टक्क्यांचे ७५ होतात. ते +५ च्या बरोबरीचं आहे. २० च हवे असतील तर ५ टक्क्यांचे पावणेदहा. थोडक्यात, मध्यम अवघड कामात ते प्रचंड आणि अशक्यप्राय कामात किरकोळ. कायमचं अ‍ॅडव्हांटेज देणारा पर्याय नव्या डीएमने लिहूच नये. ‘दिवसातून एकदा’ किंवा ‘लाँग रेस्टनंतर एकदा’ लिहा. लाँग रेस्ट म्हणजे ८ तासांची विश्रांती.

आणि वारांची संख्या. पहिल्या लेव्हलचा फायटर एका वारात १डी८+३, सरासरी साडेसात डॅमेज करतो. त्याला पाळीतल्या जादा कृतीने, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनने फुकट दुसरा वार दिला की तो पंधरावर जातो. पुस्तक ही उडी पाचव्या लेव्हलला देतं आणि त्याच लेव्हलला राक्षसही मोठे येऊ लागतात. घरी बनवलेल्या पर्यायांत सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो: डॅमेज नीट मोजलेलं असतं, पण त्यासाठी अ‍ॅक्शन, बोनस अ‍ॅक्शन की रिअ‍ॅक्शन खर्च होते हे लिहायचं राहून जातं.

फासे मिळाले नाहीत म्हणून डी२० च्या जागी तीन साधे फासे वापरणारे भेटतात. ते करू नका. तीन फाशांची बेरीज मधल्या आकड्यांवर गर्दी करते. १८ पडायची शक्यता २१६ मध्ये एक. १ ते २० च्या चिठ्ठ्या डब्यात घाला, एक काढा, परत टाका. गणित तेच राहतं.

उन्हाचा नियम: एक पूर्ण उदाहरण

आता आकडा खरोखर बदलायचा प्रसंग. मूळ नियम जसाच्या तसा लावला तर दम १० असलेला, पाणी संपलेला साधा शेतकरी सहा तासांत सरासरी दोन पायऱ्या थकतो, आठ तासांत तीन. लाँग रेस्टने उतरते एकच पायरी. पाणी असेल तर काहीच होत नाही. म्हणजे एक तर नियम लागतच नाही, नाही तर टोळी दोन दिवसांत झोपते. रोज उन्हाळा असलेल्या कॅम्पेनला मधलं काही तरी हवं.

पाण्याचा आकडा पुस्तकात आहे: दिवसाला एक गॅलन, २०१४ च्या नियमांत कडक उन्हात दोन. दोन गॅलन म्हणजे साडेसात लिटर, आठ धरा. नियमाच्या कागदावर असं लिहा:

उन्हाळा, चैत्रापासून पहिल्या पावसापर्यंत. सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर चाललात तरच लागू. माणशी ८ लिटर पाणी असेल तर रोल नाही. ४ ते ८ लिटर असेल तर ४ वाजता दमाचा एकच सेव्ह, डीसी १०. हुकला तर थकव्याची एक पायरी. ४ लिटरहून कमी असेल तर पुस्तकातला तासाचा नियम. मध्यम किंवा जड चिलखत अंगात असेल तर डिसअ‍ॅडव्हांटेज. डोक्याला ओला रुमाल, त्यासाठी अर्धा लिटर खर्च, असेल तर अ‍ॅडव्हांटेज. दोन्ही असतील तर दोन्ही कटतात. पाण्याचा हा नियम चालू असताना तहानेचा वेगळा नियम लावायचा नाही.

ही सारी वाक्यं कामाची आहेत. तासातासाच्या सेव्हऐवजी एकच ठेवला, कारण पाच खेळाडूंचे पाच तासांचे पंचवीस रोल कुणालाच नको असतात. डीसी १० का? दमावर +२ असलेल्याचा तो ३५ टक्के वेळा हुकतो. चिलखतात ५८ टक्के, ओल्या रुमालाने १२ टक्के. तिन्ही आकडे एकमेकांपासून इतके लांब आहेत की खेळाडू खरंच विचार करतो. रुमालाची सोय नसती तर पॅलाडिन आणि फायटर यांनाच सगळा भुर्दंड बसला असता. जड चिलखत चढवायला १० मिनिटं, उतरवायला ५. ते घोड्यावर टाकून उघड्या अंगाने चालताना हल्ला झाला तर एकदा मजा येते, तिसऱ्यांदा तो खेळाडू वैतागतो. शेवटचं वाक्य विसरलात तर एकाच कोरड्या दिवसाची शिक्षा दोनदा होते.

आता ओझं. पाच जणांना तीन दिवसांचं पाणी १२० लिटर, म्हणजे १२० किलो. पुस्तकातल्या एका पखालीत दोन लिटरही मावत नाही, सुमारे १.९ लिटर. बैल किंवा गाढव घ्यावंच लागतं, आणि मग त्या जनावरालाही पाणी लागतं. रात्री चालणं हा दुसरा मार्ग. खान्देशातला माणूस उन्हाळ्यात तेच करील. पण अंधारात कंदील दुरून दिसतो आणि डार्कव्हिजन (अंधारात दिसणं) नसलेला वंश चाचपडतो. नियम जमला की नाही हे यावरून ओळखायचं: खेळाडू आपसात ‘रात्री निघायचं की पहाटे’ यावर वाद घालायला लागले तर जमला.

राखणदार बॅकग्राउंडवाल्याला ‘मी इथलाच, मला ऊन लागत नाही’ अशी सूट देऊ नका. ऊन इथल्यालाही लागतं. त्याला पाणी कुठे असतं ते ठाऊक असतं. कोरड्या नदीत झिरा उकरायचा: एक तास, सर्व्हायव्हल डीसी १५, यश आलं तर १डी६ गुणिले ५ लिटर. राखणदाराला यात अ‍ॅडव्हांटेज.

मोठं भोक स्पेलचं आहे. ‘क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर’ हा पहिल्या लेव्हलचा स्पेल १० गॅलन, सुमारे ३८ लिटर पाणी देतो, म्हणजे पाच जणांचा जवळपास पूर्ण दिवस. त्यावर बंदी घालू नका. पहिल्या लेव्हलच्या क्लेरिककडे दोनच स्लॉट असतात. एक पाण्यात गेला तर बरं करायला एकच उरला, ही किंमत पुरेशी आहे. तिसऱ्या लेव्हलला त्याच्याकडे पहिल्या लेव्हलचे चार आणि दुसऱ्याचे दोन होतात आणि नियम बोथट होतो. तिथून पुढे तो गुंडाळून ठेवा किंवा जनावरं आणि सोबतची माणसं वाढवा. ‘गुडबेरी’ दिवसभराचं पोषण देतो असं लिहिलंय. त्यात पाणी येतं की नाही यावर टेबलावर भांडण ठरलेलं आहे, तेव्हा आधीच सांगून टाका: येत नाही.

थकव्याच्या पायऱ्या दोन आवृत्त्यांत वेगळ्या आहेत. २०१४ मध्ये पहिल्या पायरीला चेकवर डिसअ‍ॅडव्हांटेज, दुसरीला चाल निम्मी, तिसरीला वार आणि सेव्हवरही डिसअ‍ॅडव्हांटेज. २०२४ मध्ये दर पायरीला डी२० च्या प्रत्येक रोलवर −२ आणि चालीतून ५ फूट वजा. रोजच्या उन्हासाठी नवी पद्धत बरी: पहिली पायरी जाणवते, पण अडवत नाही. जुनी आवृत्ती खेळत असाल तरी एवढा तुकडा उचलायला हरकत नाही. सगळ्यांना लागू करा म्हणजे झालं.

विश्रांतीचा तिढा

२०१४ ची पुस्तकं दिवसाला सहा ते आठ झटापटी धरून बांधली आहेत. रविवारी दुपारी तीन तास खेळणाऱ्यांच्या दोन होतात. मग विझर्ड दोन लढायांत सगळे स्पेल उधळतो आणि झोपतो. फायटर नुसता बघतो. क्लास दुबळा वाटला की त्याला ताकद द्यायच्या आधी हे तपासा. उपाय साधा आहे: लाँग रेस्ट फक्त गावात, धर्मशाळेत किंवा गढीत मिळेल, जंगलात कितीही झोपलात तरी शॉर्ट रेस्टच (एरवी तासाभराची). पुस्तकात याहून कडक पर्याय आहे, शॉर्ट रेस्ट ८ तासांचा आणि लाँग रेस्ट ७ दिवसांचा. तो घेतलात तर ‘मेज आर्मर’सारखे ८ तास टिकणारे स्पेल निरुपयोगी होतात, त्यांची मुदत एका लाँग रेस्टपासून दुसऱ्यापर्यंत करावी लागते.

नवा स्पेल, नवा सबक्लास

शेजारी छापील नमुना ठेवल्याशिवाय लिहू नका. २०१४ च्या डीएम मार्गदर्शकात पहिल्या लेव्हलच्या स्पेलला एका लक्ष्यावर २डी१०, अनेकांवर २डी६ असा मापदंड आहे. दुसऱ्या लेव्हलला ३डी१० आणि ४डी६. समजा ‘मिरचीचा धूर’ लिहायचाय. जवळचा नमुना बर्निंग हँड्स: १५ फुटांचा शंकू, ३डी६ आग, सेव्ह जमला तर निम्मं. धुराला तोच शंकू, दमाचा सेव्ह, २डी६ विष, आणि हुकलेल्याला पुढच्या एका वारावर डिसअ‍ॅडव्हांटेज. साडेदहाऐवजी सरासरी सात डॅमेज. वरचे साडेतीन त्या डिसअ‍ॅडव्हांटेजची किंमत. ‘पुढचे सगळे वार’ लिहिलंत तर स्पेल दुसऱ्या लेव्हलचा झाला.

तुलनेला फायरबॉल घेऊ नका. तो ८डी६ चा आहे आणि तिसऱ्या लेव्हलच्या मापदंडाच्या, ६डी६ च्या, वर जातो. त्याच्या बरोबरीने मोजलेला प्रत्येक स्पेल फुगतो.

सबक्लासचं एकदम सगळं लिहायची घाई नको. फायटरला सबक्लासच्या गोष्टी ३, ७, १०, १५ आणि १८ या लेव्हलना मिळतात. फक्त तिसरीची लिहा. टोळी पाचवीला पोचली की सातवीची. २०२४ मध्ये सगळ्याच क्लासचा सबक्लास तिसऱ्या लेव्हलला येतो. २०१४ मध्ये क्लेरिकचा पहिल्या, विझर्डचा दुसऱ्या. जुन्या पुस्तकातला सबक्लास नव्यात आणताना ही लेव्हल आधी जुळवा.

लावून बघा

पहिल्या लेव्हलच्या चार कॅरेक्टरसमोर तीन गॉब्लिन ठेवा. २०१४ च्या हिशेबाने गॉब्लिनमागे ५० अनुभवगुण, ५० गुणिले ३ म्हणजे १५०, तीन शत्रू असल्यामुळे दुप्पट, ३००: बरोबर ‘हार्ड’. चौथा गॉब्लिन घातला की ४०० होऊन थेट ‘डेडली’, म्हणून मोजायला तीनच घ्या. तीच लढाई आधी छापील पर्यायांनी आणि मग नव्या पर्यायाने खेळा. किती फेऱ्या चालली, कोण किती हिट पॉइंटवर राहिलं, कुणाच्या वाट्याला सगळ्यात कमी काम आलं ते टिपा. फासे एका लढाईत काहीही दाखवतात. तीन-तीनदा केलीत तर अंदाज येतो. एका वेळी एकच बदल तपासा, दोन एकदम घातले तर कुणी बिघडवलं ते कळत नाही.

मग सगळं एका पानावर उतरवा. दोन पानं झाली तर कुणी वाचत नाही, आणि नियम डीएमच्या डोक्यात राहतात, जिथे ते दर आठवड्याला थोडे बदलतात. प्रत्येक नियमासमोर तारीख आणि ‘तीन सेशन’ अशी मुदत लिहा. मुदत संपली की ठेवायचा, दुरुस्त करायचा की काढायचा हे टेबल ठरवील. काढला किंवा कमी केला तर ज्याचं कॅरेक्टर त्यावर उभं होतं त्याला सबक्लास, फीट, स्पेल पुन्हा निवडू द्या, फुकट. लढाईच्या मधोमध मात्र काहीच बदलू नका. नियम चुकलाय हे दिसलं तरी ती लढाई तशीच संपवा, पानावर पेन्सिलीने खूण करा आणि पुढच्या सेशनच्या आधी ग्रुपवर नवं पान टाका. जुनं पान पुसू नका, कारण तीन आठवड्यांनी आलेल्या खेळाडूकडे तेच असणार आहे.